परतीचा दोर : माळव्यातल्या विहिरी, मोटेचा नाडा आणि अग्निशमन दल

'परतीचे दोर कापले' हे शब्द मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाहीत. ४ फेब्रुवारी १६७० ची सिंहगडावरची रात्र, तानाजी मालुसरे पडलेले, मावळे कड्याकडे धावत सुटलेले आणि सूर्याजीने दोर कापून टाकलेले. आम्ही देवासची मराठी मुलं शाळेत इतिहास हिंदीतून शिकलो, पण ही गोष्ट आजीच्या तोंडून मराठीतच ऐकली. घोरपड खरी की दोराची माळ खरी, यावर आपल्या मंडळात दोन बैठका खर्ची पडल्या आहेत. तिसरी नको.

आज मला बोलायचं आहे ते न कापलेल्या दोराबद्दल. खाली गेलेल्या माणसाला वर आणणाऱ्या दोराबद्दल. अशा दोराचा इतिहास कुणी फारसा लिहीत नाही, कारण त्यात लढाई नाही, सनद नाही, शिक्का नाही. पण धार आणि देवास या आपल्या दोन जुन्या संस्थानांच्या मुलखात हा दोर रोजच्या जगण्यात होता, मग नाहीसा झाला, आणि आता लाल गाडीतून परत आला आहे. मधल्या काळात काय हरवलं, ते पाहायचं आहे.

माझी ओळख नव्या वाचकांसाठी : मी पेशाने इंजिनिअर. जवळजवळ तीस वर्षं देवासच्या औद्योगिक वसाहतीत क्रेन आणि हॉइस्टच्या देखभालीत गेली. इतिहास कुठल्या विद्यापीठात शिकलो नाही. तेव्हा चुका सापडल्या तर जरूर कळवा. मात्र दोराच्या बाबतीत मला थोडं बोलायचा अधिकार आहे असं वाटतं, कारण आयुष्यभर दोरच तपासले, फक्त ते पोलादाचे होते.

मोट : दोन दोरांचं यंत्र

२९ नोव्हेंबर १७२८ ला अमझेऱ्याच्या लढाईत चिमाजी अप्पांनी गिरधर बहादुराचा पराभव केला आणि माळवा मराठ्यांना मोकळा झाला. अमझेरा आजच्या धार जिल्ह्यातच आहे. धारला पवार स्थिरावले, देवासला तुकोजी आणि जिवाजी या भावांच्या थोरल्या-धाकट्या पात्या झाल्या. हे सगळं आपल्याला पाठ आहे. पण तलवार खुंटीला टांगून घर बांधायला बसलं की पहिला प्रश्न येतो पाण्याचा. माळव्याची जमीन दख्खनच्या माणसाला परकी नव्हती. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली तोच काळा पाषाण, जो सह्याद्रीत आहे. या दगडात पाणी भेगांतून येतं, म्हणून विहीर रुंद आणि खोल घ्यावी लागते.

आपल्याकडे खाली उतरण्याचे दोन प्रकार. एक बावडीचा, म्हणजे पायऱ्यांचा. मांडूला उजाली बावडी, अंधेरी बावडी आणि चंपा बावडी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना वेगळं सांगायला नको. चंपा बावडीला तर तळघरांच्या खोल्या जोडलेल्या आहेत, उन्हाळ्यात थंडाव्याला बसायची सोय. तिथे माणूस पायांनी खाली जातो आणि पायांनीच वर येतो. दुसरा प्रकार साध्या विहिरीचा, आड असो की मळ्यातली मोटेची विहीर. तिथे पाणी वर येतं दोराने, आणि माणसाला आत उतरायचं झालं तरी आधार दोराचाच.

मोट आता प्रत्यक्ष पाहिलेली माणसं थोडी उरली आहेत. मी लहानपणी मामाच्या गावी शेवटची पाहिली. माळव्यात तिला चडस म्हणतात. कातड्याची मोठी पिशवी, वरचं तोंड लोखंडी कड्यावर ताणलेलं, खाली सोंड. तोंडाला बांधलेला जाड दोर म्हणजे नाडा. तो उंचावरच्या चाकावरून जातो. सोंडेला बांधलेला बारीक दोर म्हणजे सोल. तो विहिरीच्या काठावर बसवलेल्या आडव्या लाटेवरून, म्हणजे कण्यावरून जातो. बैल उतरत्या धावेवरून खाली चालत जातात, मोट वर येते, सोंड थारोळ्यात सुटते, पाणी पाटाला लागतं. मग बैल मागे सरकत वर येतात आणि मोट पुन्हा बुडते.

लहानपणी मजा वाटली होती. नंतर क्रेनवर काम करताना एक दिवस लक्षात आलं, की या यंत्रात भार उचलण्याचे सगळे नियम पाळलेले आहेत. एका मोटेत शंभर लिटरहून जास्त पाणी येतं, म्हणजे भिजलेलं कातडं धरून एका दांडग्या माणसाहून जास्त वजन. ते वजन दिवसाला शेकडो वेळा वर यायचं. तरी विहीर कोसळत नव्हती आणि नाडा आठवड्याला तुटत नव्हता. का?

एक तर भार कधी विहिरीच्या मोकळ्या कडेवर टाकलेला नसायचा. चाकाचे खांब बांधकामात खोल रोवलेले असत. दुसरं, दोर दगडावर घासू द्यायचा नाही म्हणून चाक आणि कणा. तिसरं, दोर दोन, आणि दोघांची कामं वेगळी. चौथं, बैल उतारावर चालतात, म्हणजे त्यांचं स्वतःचं वजन ओढायला मदत करतं. आणि पाचवं, जे कुठल्याच चित्रात दिसत नाही : मोट हाकणारा सगळा वेळ दोराकडे बघत असतो. तो ओरडतो, गातो, बैलांशी बोलतो, पण नजर नाड्यावर. नाड्याचे पीळ सुटायला लागले की त्याला आधी कळायचं. आजी तर नाडा ओलांडू द्यायची नाही. "दोराला पाय लावायचा नाही रे, त्याच्यावर घर चालतं."

विहीर खणतानाही हेच. वडार मंडळी सुरुंग लावून दगड फोडत आणि यारीने मलबा वर काढत. यारी म्हणजे हाताने फिरवायची लाकडी क्रेनच. माणसंही त्याच दोराने खालीवर होत. घरच्या आडावर रहाट, पोहरा आणि पोहरा पडला तर काढायला गळ. थोडक्यात, प्रत्येक मोहल्ल्यात दोर हाताळणारी दोन-चार माणसं असायचीच. वासरू विहिरीत पडलं, पोर पडलं, तर आरडाओरड व्हायच्या आधी दोर यायचा. ते काही 'रेस्क्यू' नव्हतं. त्याला वेगळं नावही नव्हतं.

पाणी खाली गेलं, झाकणं वर आली

आधी ऑइल इंजिन आलं, मग विजेची मोटर. एका पिढीत मोट गेली. त्याचं दुःख करण्यात अर्थ नाही, बैलांच्या आणि माणसांच्याही पाठी वाचल्या. पण मोटर बसल्यावर विहिरीत कुणी डोकावेना. बटण घरात, पाणी टाकीत. पुढे नलकूप आले, म्हणजे आपल्या भाषेत बोअर, आणि पाणी आणखी खाली गेलं. देवासला १९७० च्या दशकात कारखाने आले, वस्ती वाढली. १९९० मध्ये देवासला पिण्याचं पाणी इंदूरहून रेल्वेने आणावं लागलं. मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षात होतो. स्टेशनवर पाण्याचे डबे उभे आहेत हे बघायला आम्ही सायकली काढून गेलो होतो. तमाशा म्हणून गेलो आणि गप्प बसून परत आलो.

आटलेल्या विहिरींचं मग तीन प्रकारे झालं. काही कचऱ्याने बुजल्या. काही कठडा ढासळून तशाच उघड्या राहिल्या. आणि वस्तीतल्या बऱ्याचशा विहिरींवर स्लॅब पडला. जागेला भाव आला होता. स्लॅबवर ओटा झाला, खोली झाली, कुठे देऊळ झालं. बोअरचं चौथंच. पाणी लागलं नाही की केसिंग पाइप काढून नेतात, कारण तो पुढच्या बोअरला चालतो, आणि सहा-आठ इंचांचं भोक शेतात तसंच राहतं.

म्हणजे बघा, दोर जाणणारी माणसं गेली, पण खड्डे गेले नाहीत. उलट ते दिसेनासे झाले.

चार घटना

या लेखासाठी मी गेल्या काही वर्षांतल्या चार घटना घेतल्या. एक देवास जिल्ह्यातली, एक शेजारच्या इंदूरची, एक निमाडातली, एक जरा लांबची, विदिशाची. चारही आपल्याच माळवा-निमाडच्या दगडमातीतल्या किंवा तिच्या कडेच्या.

मार्च २०१८. देवास जिल्हा, खातेगाव तहसील, उमरिया गाव. चार वर्षांचा मुलगा उघड्या बोअरमध्ये पडला. बाजूने समांतर खड्डा खणायचं काम लागलं. इथला दगड किती चिवट आहे ते विहीर खणलेल्या माणसाला विचारा. सुमारे ३५ तासांनी मुलगा जिवंत वर आला, आणि तो आला दोराने. लष्कराच्या जवानांनी दोर सोडून त्याला ओढून घेतलं. यंत्रं खणत राहिली आणि काम दोराने झालं, याचा अर्थ यंत्रं निरुपयोगी होती असा नाही. पण चार वर्षांच्या मुलाशी वरून बोलत राहून, त्याला न घाबरवता दोर नेमका त्याच्यापर्यंत पोचवणं हे मोट हाकणाऱ्याचंच काम आहे. नजर दोरावर, आवाज खाली.

जुलै २०२१. विदिशा जिल्ह्यात गंजबासोद्याजवळ लाल पठार. एक मुलगा विहिरीत पडला. त्याला काढायला आणि बघायला गाव काठावर गोळा झालं. काठ खचला, माणसं आत गेली. ११ जणांचा जीव गेला. इथे दोर कमी पडला नाही, काठ कमी पडला. जुन्या विहिरीची कड शंभर माणसं उभी राहायला बांधलेली नसते. म्हणूनच मोटेचे खांब खोल रोवायचे, आणि म्हणूनच आजच्या प्रशिक्षणात पहिला धडा असतो : गर्दी मागे हटवा, कडेवर भार टाकू नका, आधार लांबून घ्या.

३० मार्च २०२३, रामनवमी. इंदूरच्या पटेल नगरात बेलेश्वर महादेव झूलेलाल मंदिरात हवन चालू होतं. खालची फरशी खचली. खाली बावडी होती, तिच्यावर स्लॅब टाकून त्यावर माणसं बसत होती. ३६ जण गेले. जे वाचले ते दोर आणि शिड्यांनी वर आले. महूहून लष्कर आलं, एनडीआरएफ आणि एसडीआरएफ आलं, रात्रभर पाणी उपसत शोध चालला. गल्ली अरुंद, आत गाळ, वर लोंबणारा स्लॅब. खाली उतरणाऱ्या जवानाला तळ कुठे आहे, पायऱ्या कुठल्या बाजूला आहेत, हे ठाऊक असायला हवं होतं. ते त्या रात्री कुणाच्या कागदावर होतं? पुढे काही दिवसांत मंदिराचं बांधकाम पाडलं गेलं आणि बावडी भरून टाकली गेली. वारसावाल्यांनी हळहळ व्यक्त केली. मीही केली. पण ती बावडी झाकलेली असताना आपल्यापैकी कितीजणांनी तिची नोंद केली होती, हा प्रश्न स्वतःला विचारल्यावर माझी हळहळ जरा खाली बसली.

३ एप्रिल २०२५. खंडवा जिल्ह्यातलं कोंडावत. गणगौरीच्या विसर्जनासाठी विहीर साफ करायला माणसं उतरली. विषारी वायूने गुदमरली, त्यांना काढायला आणखी उतरली. आठ जण गेले. ही घटना मला सगळ्यात जास्त छळते, कारण हे भ्याडपणाने नाही, धीटपणाने गेलेले जीव आहेत. बंद विहिरीत हवा मरते. जुनी माणसं आत उतरण्याआधी दिवा किंवा पेटता कंदील दोराने खाली सोडायची. दिवा विझला तर माणूस उतरायचा नाही. ही खूणही सगळे वायू ओळखत नाही, आणि पेट घेणारा वायू असला तर ती उलट धोक्याचीच, म्हणून आज ती वापरू नये. पण 'आधी हवा, मग माणूस' हा क्रम तिने शिकवला होता. तो क्रम आपण विसरलो.

चार घटना, चार धडे : दोर हाताळणारा, आधार, नकाशा आणि हवा. दोर स्वतः यात पाचव्या नंबरवर येतो. हे लिहिताना मला जरा वाईट वाटतं, कारण मी आयुष्यभर दोराचीच तपासणी केली.

मैदानावर काय शिकवतात

इंदूरच्या घटनेनंतर आमच्या भागातल्या एका नगरपालिकेच्या अग्निशमन कर्मचाऱ्यांचं दोराचं प्रशिक्षण होतं. ओळखीने मला बाजूला बसून बघायची परवानगी मिळाली. सकाळी सात वाजता मैदानावर ताडपत्री अंथरलेली आणि तिच्यावर सगळं सामान ओळीने मांडलेलं. दोर, हार्नेस, कॅराबिनर, कप्प्या, डिसेंडर, ट्रायपॉड, हेल्मेट, हवा तपासायचं यंत्र. एक तरुण कर्मचारी सामान ओलांडून पलीकडे जायला निघाला, तेव्हा शिकवणारा गृहस्थ जागेवरून न हलता म्हणाला, "रस्सी पर पैर नहीं." मला आजी आठवली.

कारण मात्र आजीचं आणि त्यांचं वेगळं. पायाखाली माती दोरात शिरते आणि तिचे कण आतले धागे कापत राहतात. आजीचा नाडा अंबाडीचा किंवा सणाचा, म्हणजे तोकड्या तंतूंना पीळ देऊन केलेला. अग्निशमन दलांत पूर्वी मनिला दोर असे. तोही वनस्पतीचाच, फिलिपिन्सच्या अबाका नावाच्या केळीच्या भावंडाचा. असे दोर भिजले की कुजतात आणि आतून कमजोर झालेले बाहेरून कळत नाहीत. नायलॉन १९३५ मध्ये निघालं आणि त्याचा तंतू टोकापासून टोकापर्यंत सलग मिळू लागला. १९५३ मध्ये एडेलरिड या जर्मन कंपनीने केर्नमांटल दोर आणला. नावाचा अर्थच गाभा आणि अंगरखा. भार गाभा घेतो, घासणं अंगरखा सोसतो.

यातही दोन जाती. गिर्यारोहकाचा ताणणारा दोर पडणाऱ्याचा हिसका पिऊन घेतो. बचावाचा दोर मात्र फार ताणता कामा नये, नाहीतर स्ट्रेचर विहिरीत झोके घेत बसतं. ११ मिलिमीटरच्या अशा दोराला युरोपीय मानकाप्रमाणे किमान २२ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २,२०० किलोंचा ताण सोसावा लागतो. ऐकून वाटतं, ऐंशी किलोंच्या माणसाला एवढं कशाला? पण गाठ मारली की पाव-एक ताकद जाते. हिसका बसला की भार कैक पटींनी वाढतो. दगडाची धार लागली तर सगळाच हिशोब संपतो. कारखान्यात माल उचलताना आम्ही पाच-सहा पट सुरक्षितता धरायचो. माणूस टांगायचा तर दहा पट आणि त्याहून जास्त. शिकवणाऱ्याने हेच सोप्या भाषेत सांगितलं, की दोरावर स्वतःचा मुलगा आहे असं समजून हिशोब करा.

मग गाठी. आठच्या आकड्याची गाठ, बोलाइन, आणि अग्निशमन दलाची खास चेअर नॉट, जिचा एक फास काखेतून आणि दुसरा मांड्यांखालून जातो. हार्नेस नसताना माणूस खाली सोडायला ती अजून शिकवतात. १९३१ मध्ये कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने प्रसिद्ध केलेली गाठ तर मला फार आवडली. बारीक दोरीचे वेढे जाड दोरावर द्यायचे. भार नसताना ती सरकते, भार आला की आवळून बसते. ओढणाऱ्यांचे हात सुटले तरी दोर मागे जात नाही. एक फूट दोरीत ब्रेक. आमच्या हॉइस्टचा ब्रेक दोन माणसांनी उचलावा लागायचा.

कप्प्यांची रचना करून तीनास एक असा फायदा घेतात. घर्षण सोडलं तर ९० किलोंना ३० किलोंचं ओढणं पुरतं, मात्र एक मीटर वर आणायला तीन मीटर दोर ओढावा लागतो. फुकट काहीच नाही. विहिरीच्या तोंडावर ट्रायपॉड, नाहीतर कडेवर रोलर. रोलर बघून मी खुर्चीतून उठलोच. तो कणा होता. लाकडाऐवजी ॲल्युमिनियम, एवढाच फरक. आणि दोर दोन : एक भाराचा, दुसरा नुसता सोबतीला, ढिला पण वेगळ्या आधाराला बांधलेला, पहिला गेला तर धरणारा. मोटेचेही दोर दोनच. तिथला दुसरा दोर वाचवण्यासाठी नव्हता, हे खरं. ओढूनताणून साम्य दाखवायची सवय आपल्या क्षेत्रात फार आहे, म्हणून मुद्दाम सांगतो. पण कणा मात्र तोच.

दुपारी हे लोक एका जुन्या विहिरीवर गेले. तिथे खरी अडचण दिसली. दोर होते, हात तयार होते, पण आधार कशाचा घ्यायचा यात अर्धा तास गेला. झाड लांब, कठडा खिळखिळा, गाडी गल्लीत शिरत नाही. शेवटी एका ओट्याच्या दगडी खांबाला वेढे दिले. शिकवणारे म्हणाले, की गाठ दहा सेकंदांची असते, जागा समजायला वेळ जातो. सरावात अर्धा तास चालतो. खऱ्या प्रसंगात नाही.

आता एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये उघड्या बोअरबद्दल स्पष्ट नियम घालून दिले : कुंपण, फलक, तोंडावर वेल्ड केलेलं पोलादी झाकण, भोवती सिमेंटचा चौथरा, आणि सोडून दिलेली बोअर तळापासून वरपर्यंत माती-दगडांनी भरणं. २०२४ मध्ये मध्यप्रदेशाने यासाठी वेगळा कायदाही केला. नियमांची वाण नाही. पण नियम त्या भोकाला लागू होतो, जे कुणालातरी माहीत आहे.

आमच्या घरची विहीर

इथपर्यंत मी दुसऱ्यांबद्दल लिहिलं. आता माझं.

आमच्या देवासच्या जुन्या घराच्या मागच्या अंगणात विहीर होती. नऊ फूट व्यास, काठाचे दगड दोराने घासून बोट जाईल एवढ्या खाचा पडलेल्या. १९९६ मध्ये वडिलांनी आणि काकांनी ती बंद करायचं ठरवलं. नातवंडं रांगायला लागली होती, भीती खरी होती. काका म्हणाले, "तू इंजिनिअर ना, मग तूच बघ." मी बघितलं. चार इंची स्लॅब, दहा मिलिमीटरच्या सळ्या सहा इंचांवर. हिशोब केला होता, पण कपडे वाळत घालणाऱ्या दोन-चार माणसांचा. वर तुळशीवृंदावन ठेवलं. मला अभिमानही वाटला होता.

घर २००४ मध्ये विकलं. खरेदीखतात विहिरीचा उल्लेख नाही. मी स्वतः तो कागद वाचून सही केली होती. ३० मार्च २०२३ च्या रात्री टीव्हीसमोर बसलेलो असताना मला पहिल्यांदा आठवलं, की पाण्यावरच्या स्लॅबची खालची बाजू कायम दमट असते, सळ्यांवरचं आवरण इंचभरही नसतं, आणि ती बाजू कुणी कधीच बघत नाही. सत्तावीस वर्षं झाली होती.

दोन दिवस मी गेलो नाही. काय सांगणार? तिसऱ्या दिवशी गेलो. विहिरीवर आता एक खोली होती. पलंग, लोखंडी कपाट, अभ्यासाचं टेबल. घरमालक सज्जन. चहा आला. मी सांगितलं. ते बराच वेळ फरशीकडे बघत राहिले, मग मुलीला आतून हाक मारून म्हणाले, की दुसऱ्या खोलीत जा. त्या दिवशी त्यांनी मला एकही वाकडा शब्द ऐकवला नाही. ऐकवला असता तर बरं वाटलं असतं.

खोली रिकामी केली. कडेने भोक पाडून, आतली हवा यंत्राने तपासून, दिवा आणि मोबाइलचा कॅमेरा दोरीने खाली सोडला. सळ्या गंजून फुगल्या होत्या, काँक्रीटचे पापुद्रे सुटले होते. दोन ठिकाणी सळईच उरली नव्हती. बारा फुटांवर पाणी होतं, स्वच्छ. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी खोली पाडली, स्लॅब काढला आणि वर लोखंडी जाळी बसवली. खर्चाचा अर्धा वाटा मी दिला. काठाच्या दगडांवरच्या खाचा तशाच आहेत.

मंडळाला विनंती

महाराष्ट्रात बारव मोहिमेने शेकडो बारवा साफ केल्या, त्यांच्या नोंदी केल्या. सह्याद्रीत गडकोट हिंडणारे ट्रेकर आज दरीत पडलेल्यांना दोराने वर काढतात. जुलै २०१८ मध्ये आंबेनळी घाटात बस कोसळून ३० जण गेले, तेव्हा शेकडो फूट खोल दरीत पहिल्यांदा उतरणाऱ्यांत तेच होते. म्हणजे वारशाची आवड आणि बचावाचं काम यांचं नातं आपल्या लोकांनी आधीच जोडलेलं आहे. आपल्याकडे कडे कमी, विहिरी जास्त. तेव्हा आपलं काम वेगळं.

आपण बावडीची नोंद करतो तेव्हा शिलालेख, कमान, काळ एवढं लिहितो. माझं म्हणणं, त्याच कागदावर आणखी सहा ओळी लिहाव्यात. तोंडाचा व्यास. खोली आणि पाण्याची पातळी. झाकलेली असल्यास कशाने आणि साधारण केव्हा. पायऱ्या असल्यास कुठल्या दिशेला. दोर बांधता येईल असा भक्कम आधार किती फुटांवर आहे. आणि गल्लीत गाडी कुठपर्यंत येते. याला पुरातत्त्वाचं शिक्षण लागत नाही, टेप आणि थोडी चौकशी पुरते. सगळ्यात महत्त्वाची माहिती घरातल्या ऐंशीच्या पुढच्या माणसांकडे आहे : "इथे विहीर होती." ते वाक्य ऐकलं की लगेच लिहून घ्या. आत मात्र उतरू नका, आणि झाकणावर उभे राहून मोजमाप घेऊ नका.

१४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टायकिन' जहाजाच्या स्फोटात अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ ते २० एप्रिल अग्निशमन सप्ताह पाळतात. त्या आठवड्यात गाड्या धुतात, फुलं वाहतात, शाळकरी मुलांना पाण्याचे फवारे दाखवतात. येत्या १४ एप्रिलला धार आणि देवासच्या अग्निशमन केंद्रांत आपल्या मंडळातर्फे विहिरींची एक यादी द्यावी, असा माझा प्रस्ताव आहे. माझ्याकडे आजवर ४१ नोंदी झाल्या आहेत, त्यांतल्या १३ झाकलेल्या. पहिली नोंद आमच्या जुन्या घराची आहे.